चौघांचा तंबू: भंडारदऱ्याच्या पावसात आणि मार्फाच्या वाऱ्यात

चार माणसांसाठी म्हणून विकला जाणारा हा घुमटाकार तंबू आम्ही गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतला. आमचे मुक्काम बहुधा इगतपुरी, त्र्यंबकेश्वर आणि भंडारदरा या पट्ट्यात होत असल्याने निवड करताना बाहेरच्या कापडाच्या पाणीरोधक क्षमतेला सर्वाधिक महत्त्व दिले होते, आणि ती या तंबूवर ३,००० मिलिमीटर अशी छापलेली आहे, म्हणजे एवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड न झिरपता सोसते. त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. रात्रभर झोडपणाऱ्या पावसातही शिवणीतून थेंब आत आला नाही. पहाटे आतल्या बाजूस जे पाणी जमते ती गळती नसून आपल्याच श्वासाची वाफ असते. छताजवळची झडप उघडी ठेवली की ते बरेच कमी होते, अर्थात कोसळत्या पावसात ती उघडी ठेवायला धीर लागतो. ‘चौघांचा’ याचा अर्थ मात्र दोन मोठी माणसे, एक मूल आणि सामान असाच घ्यावा.

दिवाळीनंतर हाच तंबू गाडीत टाकून आम्ही नेपाळला गेलो. नाशिकहून आग्रा रोडने इंदूर, तिथून लखनौ आणि गोरखपूर असे करत सुनौलीच्या सीमानाक्यावर गाडीचा भन्सार, म्हणजे नेपाळचा सीमाशुल्क परवाना, काढला, घड्याळे पंधरा मिनिटे पुढे केली आणि तानसेन, पोखरा, बेनी या मार्गाने काली गंडकीच्या खोऱ्यात शिरलो. बेनीच्या पुढचा रस्ता कमी उंचीच्या गाडीने करू नये, एवढेच सांगून मार्फाच्या दिवसाकडे वळतो, कारण तंबूची खरी पारख त्या एका दिवसात झाली.

मार्फा हे थकाली लोकांचे, चुन्याने रंगवलेल्या घरांचे आणि सफरचंदांच्या बागांचे गाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरहून उंच आहे. खोऱ्याच्या एका अंगाला ८,१६७ मीटरचा धौलागिरी आणि दुसऱ्या अंगाला ८,०९१ मीटरचे अन्नपूर्णेचे मुख्य शिखर, आणि मधल्या घळीतून नदी वाहते. दिवस चढला की उत्तरेकडचे उंच, कोरडे पठार तापते, तिथली हवा वर उठते आणि तिची जागा घेण्यासाठी दक्षिणेकडची हवा या अरुंद घळीतून वेगाने वर खेचली जाते. जवळच्या जोमसोम गावची विमाने सकाळीच उडतात ती याच कारणाने. आम्ही ज्यांच्या बागेत उतरलो होतो त्या दिदींनी चहा देतानाच बजावले होते की अकराच्या आत तंबू दगडी भिंतीच्या आडोशाला घ्या आणि दार उत्तरेकडे ठेवा. आम्ही तसे केले, आणि तरीही दुपारी कापड असे फडफडू लागले की आत बसून एकमेकांचे बोलणे ऐकू येईना.

काठ्या ॲल्युमिनियमच्या आहेत. त्या वाकल्या आणि पुन्हा सरळ झाल्या, तर सोबतच्या कुटुंबाच्या तंबूतल्या फायबरच्या एका काठीला उभी चीर गेली. कमकुवत निघाले ते खुंट. आपल्याकडच्या काळ्या मातीत सहज रुतून बसणारे हे बारीक, गोल लोखंडी खुंट तिथल्या गोट्यांच्या जमिनीत एक तर वाकतात किंवा उपटून येतात. शिवाय बाहेरच्या कापडाला आठ कड्या असताना कंपनी ताण-दोऱ्या चारच देते. आम्ही घरून नेलेली नायलॉनची दोरी उरलेल्या कड्यांत ओवून मोठ्या दगडांना आणि वाऱ्याच्या बाजूला उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाला बांधली, तेव्हा कुठे तंबू स्थिर झाला. सध्या ते मूळ खुंट आमच्या परसात टोमॅटोच्या रोपांना आधार देत आहेत आणि त्या कामास ते उत्तम आहेत.

दुसरी अडचण जाळीची. आतल्या तंबूच्या भिंती जवळजवळ पूर्ण जाळीच्या असल्याने बाहेरच्या कापडाखालून शिरणारी पिठासारखी धूळ थेट अंथरुणावर बसते. सह्याद्रीतल्या दमट हवेत हीच जाळी सुखाची ठरते. परंतु मार्फा ज्यात येते तो मुस्तांग जिल्हा, स्पिती किंवा लडाखकडे जाणाऱ्यांनी आतल्या भिंती निम्म्या तरी कापडी असलेला तंबू पाहावा, आणि दुकानातच एक खुंट हाताने वाकवून बघावा.

सूर्य कलल्यावर वारा पडला. त्या उंचीवर पाणी एक्क्याण्णव अंशांच्या आसपासच उकळत असल्याने डाळ-भातासाठी कुकर हवाच. पहाटे पारा शून्याजवळ उतरला असता ब्यूटेनच्या डब्याचा दाब घटतो, म्हणून तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलो आणि सकाळी चहा विनासायास झाला.

परतल्यानंतर दाराची चेन अडकू लागली. कोरड्या ब्रशने चेनचे दात साफ करून मेणबत्ती घासल्यावर ती चालते, पण तिचा सरकता तुकडा झिजला आहे आणि तो सुटा मिळत नाही, असे कंपनीने कळवले. कॉलेज रोडवरच्या एका बॅग दुरुस्त करणाऱ्या कारागिराने त्याच मापाचा तुकडा बसवून दिला. तो अजून तरी टिकून आहे.