कॅम्बर गेलाय म्हणे

तासवड्याचा टोलनाका सोडला, सरळ रस्त्यावर स्टिअरिंगवरचा हात जरा सैल केला, तर गाडी हळूच डावीकडच्या पांढऱ्या पट्टीकडे निघाली. परत सरळ केली, परत तेच. मी कराड-सातारा रोज ये-जा करते. गाडी सात वर्षांची स्विफ्ट, तिचे सगळे आवाज मला पाठ आहेत, पण हे नवीन होतं. त्याआधी ऐन श्रावणात गाडी तीन आठवडे अंगणात भिजत उभी होती. ते सांगावं असं मला सुचलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

हायवेलगतच्या एका टायरवाल्याकडे नेली. "साहेब नाही आले?" हा पहिला प्रश्न. मग चाकांना सेन्सर अडकवले आणि स्क्रीनवर निम्मे आकडे लाल झाले. "कॅम्बर गेलाय मॅडम, दोन्ही चाकांचा. असंच चालवलं तर महिन्यात टायर खाऊन टाकेल." कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती कललंय तो कोन. समोर एवढं लाल दिसल्यावर आपण काय बोलणार? अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचे, ५००, बॅलन्सिंगचे ४००, कॅम्बरचे चाकामागे ८००. खाली जॅक लावून पोरांनी काहीतरी दाबलं, वाकवलं, आकडे हिरवे झाले आणि २,५०० रुपये देऊन मी निघाले. उंब्रज यायच्या आत गाडी पुन्हा डावीकडे.

दुसऱ्या दिवशी परत गेले. आता गाडी वर उचलली, मालकाने लोअर आर्मच्या (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुशात पहार घातली आणि आर्म हलवून दाखवला. "बघा, किती प्ले आहे." खरंच हलत होता. बुश रबराचा असतो, पहार घालून रेटला तर चांगलासुद्धा थोडा हलतोच, हे मला नंतर कळलं. दोन लोअर आर्म ५,६००, दोन लिंक रॉड १,८००, मजुरी १,५००, वर पुन्हा अलाइनमेंट ५००. "पक्कं बिल केलं तर जीएसटी लागेल, मॅडम. कशाला उगाच?" मीही म्हटलं, कशाला उगाच. ही अक्कल माझीच, त्याचा दोष त्याला नाही.

संध्याकाळी गाडी घेतली तेव्हा जुने पार्ट मागितले, तर म्हणाला भंगारवाला आत्ताच घेऊन गेला. आर्म मात्र खालून काळेभोर, चकचकीत दिसत होते. पहिला अर्धा तास गाडी सरळ चालल्यासारखी वाटली. ११,९०० रुपये मोजल्यावर तसं वाटतंच.

आठवड्याने पेट्रोल पंपावर हवा भरायला थांबले. तिथला पोरगा पुढच्या डाव्या चाकाशी वाकला आणि झटकन हात मागे घेतला. "ताई, हे चाक लई तापलंय. हात लावून बघा." लावला. रिम तव्यासारखी, आणि क्लच जळाल्यावर येतो तसला वास. उजव्या बाजूची रिम नुसती कोमट. माझी गाडी दोनदा त्या मशीनवर चढली होती, पण तोवर एकानेही चाकाला हात लावलेला नव्हता.

मग आमच्या गल्लीतल्या जुन्या मिस्त्रींकडे गेले. त्यांनी दोन्ही पुढची चाकं आळीपाळीने उचलली आणि हाताने फिरवली. उजवं दोन-तीन फेरे गेलं. डावं अर्ध्या फेऱ्यात घसघसत थांबलं. कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उघडला तर ज्या पिनांवर तो सरकतो त्यातली खालची पिन गंजून जाम, तिच्या रबराची टोपी फाटलेली. पाणी आत जायला तेवढं पुरेसं होतं. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला चिकटलेलेच राहायचे, म्हणजे डावं चाक सतत थोडं ब्रेक मारून चालायचं. गाडी डावीकडे जाणार नाही तर काय करणार? ॲव्हरेज का पडलं होतं, तेही तिथेच कळलं. पिन साफ करून ग्रीस, नवी रबरं, आणि एका बाजूने झिजलेले पॅड बदलून, सगळं मिळून २,३०० झाले.

त्यांनी सांगितलं ते इथे देते, कारण हे मला आधी माहीत असतं तर मी त्या मशीनवर चढलेच नसते. आपल्याकडे रस्त्याला पाणी जायला डावीकडे उतार असतो, त्यामुळे किंचित डावीकडे जाणं हा दोषच नव्हे, मोकळ्या सपाट रस्त्यावर बघायचं. हवा दोन्हीकडे सारखी आहे का बघायची, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो. मग दहा-पंधरा किलोमीटर चालवून दोन्ही रिमजवळ हात न्यायचा, टेकवायचा नाही, आच लागतेच. तिथेही काही नसेल तर पुढचे टायर डावे-उजवे अदलाबदल करायचे. ओढ उलट बाजूला गेली तर खोट टायरमध्ये, गाडीत नाही. (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर ही अदलाबदल करायची नाही.) अलाइनमेंट त्यानंतर. टो (वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बिघडला तर बहुतेक वेळा टायर झिजतात आणि स्टिअरिंग तिरकं बसतं, नुसत्या टोमुळे गाडी एवढी ओढत नाही. कॅम्बरमुळे ओढू शकते, पण आमच्या गाडीसारख्या साध्या हॅचबॅकला पुढचा कॅम्बर फिरवायची कंपनीची सोयच नसते. तो बिघडला तर काय वाकलंय ते शोधावं लागतं, जॅक लावून आकडा हिरवा करायचा नसतो.

चाक उघडंच होतं म्हणून मिस्त्रींना म्हटलं, नवीन आर्म तेवढे बघा. त्यांनी फडकं पेट्रोलमध्ये बुडवून आर्मवरून फिरवलं आणि माझ्यासमोर धरलं. फडकं काळं. खाली जुना गंज आणि बुशाला सात वर्षांच्या भेगा. आर्म बदललाच नव्हता, रंगवला होता. मग गाडीतला अलाइनमेंटचा कागद काढला. वर गाडीचं मॉडेल दुसऱ्याच कंपनीचं निवडलेलं. दुसऱ्या गाडीच्या मापाने मोजलं तर आकडे लाल येणारच. तो कागद मी दोनदा हातात घेतला होता आणि वरची ओळ वाचली नव्हती.

फोटो काढून मी त्या टायरवाल्याकडे गेले. त्याने मोबाईल हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला, परत दिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "बिल दाखवा ना, मॅडम."

पर्समध्ये वहीतून फाडलेला एक कागद होता. त्यावर लिहिलेलं : काम, ९,४००. ना नाव, ना शिक्का, ना तारीख.