सुट्टीतली वाचनं : फेलूदा, बन्या आणि एक फसलेली कादंबरी

माझा भाचा आठवीत आहे. मे महिन्यात तो आमच्याकडे होता, तेव्हा रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघं आळीपाळीने मोठ्याने वाचायचो.

सगळ्यात रंगला तो सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा, मराठी अनुवादातला. १९६५ साली ‘संदेश’ मासिकात सुरू झालेल्या या कथा आजही ताज्या वाटतात, याचं श्रेय मी फेलूदाच्या धाकट्या चुलतभावाला, तोपशेला देते. गोष्ट हा पोरगा सांगतो, त्यामुळे वाचणारं मूलही फेलूदाच्या मागोमाग धावत राहतं. वेरूळच्या कैलास लेण्याची कथा तर भाच्याने दोनदा वाचायला लावली. मूर्तींची मुंडकी तोडून विकणारी टोळी! ‘मावशी, हे खरंच होतं का गं?’ म्हणाला आणि बराच वेळ गप्प बसला. फेलूदाच्या सिगरेटी मात्र मला खटकतात.

भा. रा. भागवतांचा बन्या फेणे मी माझ्या लहानपणीच्या प्रतीतून वाचला. पानं सुटलीत, पण फुरसुंगीच्या या काटकुळ्या पोराचं ‘ट्टॉक्’ आलं की भाचा लगेच जिभेने तसाच आवाज काढायचा.

नवीन म्हणून एक किशोर कादंबरी आणली होती. तिच्यातली तेरा वर्षांची मुलगी पानोपानी आईवडिलांना पर्यावरणावर भाषण देते. विषय चांगलाच आहे, पण असं कुठलं मूल बोलतं? चाळिसाव्या पानावर भाच्याने पुस्तक मिटलं. मीही आग्रह केला नाही.

बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी फेलूदा डोळे झाकून घ्या.