झाडावरच्या कामाचे आणि चेनसॉचे बूट : नागपूरच्या हवेत पारखलेला एक जोड

नागपुरात ‘सेफ्टी शूज’ मागितले की इतवारीत किंवा हिंगणा एमआयडीसी परिसरात आयएस 15298 या भारतीय मानकाचा, स्टील टोचा (बोटांवर पोलादी टोपी असलेला) जोड हजार-दीड हजारात मिळतो आणि झाडे छाटणारी बहुतेक मंडळी तोच घालून चेनसॉ (फिरत्या साखळीची यंत्र-करवत) चालवतात. हा बूट बोटांवर 200 ज्यूलपर्यंतचा आघात झेलतो, त्यामुळे ओंडका निसटला तर तो उपयोगाचा आहे. मात्र चालू साखळी पावलाच्या वरच्या भागावर आली, तर साधे चामडे तिच्यापुढे टिकत नाही.

चेनसॉसाठीच्या बुटावर ईएन आयएसओ 17249 हा मानकाचा क्रमांक आणि ढालीत चेनसॉचे चित्र असते. पुढे पातळी लिहिलेली असते : पहिली सेकंदाला 20 मीटर, दुसरी 24 आणि तिसरी 28 मीटर साखळी-वेगाच्या चाचणीची. पुढच्या भागात आणि जिभेत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळीने चामडे फाडताच हे धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये (साखळी फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंततात आणि यंत्र अडते. बॅटरीच्या किंवा विजेच्या चेनसॉचा साखळी फिरवण्याचा जोर (टॉर्क) जास्त असल्याने तिथे या धाग्यांवर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत.

मी वापरत असलेला जोड पहिल्या पातळीचा, चामड्याचा, घोट्याच्या वरपर्यंत येणारा आणि आत जलरोधक पडदा असलेला आहे. त्याची खरी जमेची बाजू तळव्यातील ताठ शँक, म्हणजे तळवा वाकू न देणारा आतला आधार. चढताना बुटाला बांधून खोडात रुतवायच्या लोखंडी काट्यांची पट्टी तळव्याच्या कमानीखाली येते आणि शरीराचा सगळा भार तिथेच पडतो. साध्या बुटात थोड्याच वेळात कमान ठणकू लागते, यात तसे होत नाही. टाच उठून दिसणारी आणि काटकोनात असल्याने पट्टी मागे सरकत नाही. (असे काटे फक्त तोडायच्या झाडावर वापरावेत, नुसत्या छाटणीसाठी ते जिवंत सालीला जखमा करतात.) दोरावरून चढताना मात्र हाच ताठपणा आडवा येतो, कारण फांदीचा अंदाज बोटांना नीट लागत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळिशीला भिडलेला असताना, जलरोधक पडद्याचा बूट दुपारी भट्टीसारखा तापतो. त्या दिवसांत काम पहाटे उरकणे आणि मोजे बदलणे एवढाच उपाय आहे. पावसाळ्यात, वादळाने पडलेली झाडे उचलण्याच्या हंगामात, हाच पडदा पैसे वसूल करून देतो. फक्त खोल खाचांच्या तळव्यात काळी माती अशी घट्ट बसते की चढण्याआधी काडीने ती कोरून काढावीच लागते, नाहीतर ओल्या सालीवर पाय घसरतो.

जमिनीवर ओंडके कापणाऱ्याने दुसऱ्या पातळीचा, थोडा जड बूट घ्यावा. बराच वेळ दोरावर असणाऱ्याला पहिल्या पातळीचा हलका बूट सोयीचा. किंमत साध्या जोडाच्या कित्येक पट आहे, म्हणून माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कामाचे मोजे घालूनच पाहावे. साखळीचा चरा चामड्यातून धाग्यांपर्यंत गेला असेल, तर तो जोड कोपऱ्यावरच्या मोच्याकडून शिवून घेऊ नये : टाके धाग्यांना जागीच बांधून टाकतात आणि मग ते ओढले जात नाहीत.