कापूस वेचणीसाठी फिट करून घेतलेला शर्ट: आठ महिन्यांनंतर

साडीवर पुरुषी फुलबाहीचा शर्ट घालून वावरात जाणं आपल्याकडच्या बायांना नवीन नाही, त्यामुळे शर्ट कशाला हे सांगत बसत नाही. घरातला 42 नंबरचा जुना सुती शर्ट टेलरकडून बाईच्या अंगाला बसता करून घेतला, 80 रुपये लागले. जूनपासून जानेवारीपर्यंत, निंदणापासून तुरीच्या सोंगणीपर्यंत वापरला. ऑक्टोबरपर्यंत काही तक्रार नव्हती. दुसऱ्या वेचणीत डावी बगल गेली. शिलाई उसवली असती तर चाललं असतं, इथे टिपेच्या कडेने कापडच फाटलं. टेलरने कापड जुनं असल्याचं सांगितलं. पण तेच कापड पाठीवर, कोपरावर, जिथे जास्त घासतं तिथे आजही धड आहे.

आधी मापं. शर्ट सपाट पसरून बगलेखाली 23 इंच, म्हणजे घेर 46. छाती 36. आत ब्लाऊज, त्यावर पदर, शिवाय हात चालायला जागा, म्हणून 6 इंच सैल सोडून 42 ठेवायचा. कमी करायचे 4 इंच. दोन्ही कुशींना, म्हणजे बाजूच्या शिलायांना, दोन-दोन इंच, पण सपाट पसरलेल्या शर्टावर टीप काठापासून एकच इंच आत येते. इथेच घोळ होतो. "दोन्हीकडून दोन इंच घ्या" म्हटलं की काठापासून दोन इंच आत टीप पडते आणि घेरातले 8 इंच जातात. टेलरला तयार घेर किती हवा तेवढंच सांगा. कंबरेखाली मात्र टीप मोकळी होत मूळ शिलाईला जाऊन मिळाली पाहिजे, कारण खाली निऱ्या असतात आणि वरून कापसाची ओटी बांधायची असते. इथे हे नीट झालं होतं.

आता बगल. पुरुषी शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, खोल असतो. कुस आत घेतली की अंगाचा भाग आवळतो, पण मुंढा तितकाच खाली लोंबत राहतो. हात पुढे किंवा वर गेला की अख्खा शर्ट वर ओढला जातो, आणि तो सगळा ताण बगलेतल्या त्या एका जागी येतो जिथे कुशीची, बाहीची आणि मुंढ्याची शिलाई एकमेकींना छेदतात. निंदणात हात खाली असतात, म्हणून चार महिने काही कळलं नाही. वेचणीत दोन्ही हात दिवसभर समोरच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या झाडांत. वेचणीची मजुरी किलोवर असते, कोणी हात जपून चालवत नाही.

त्यात टेलरने तीन चुका केल्या. कुस आणि बाही यांची टीप बगलेत गोलाईने वळवायला हवी होती, ती काटकोनात मारली. टीप फार बारीक ठेवली. इंचाला दहा-बारा टाके पुरतात, त्याहून दाट टाक्यांनी जुनं कापड पोस्टाच्या तिकिटासारखं भोकाभोकांचं होतं आणि तिथूनच फाटतं. तिसरी चूक सगळ्यांत मोठी: माया, म्हणजे टिपेच्या आत सोडायचं जादा कापड, कापून टाकली. उरली होती जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच. एवढ्याशा मायेत दुसरी टीप मारता येत नाही, सैल करता येत नाही, दुरुस्तीला धरायला कापडच उरत नाही. "आत जाड लागलं असतं" हे त्याचं कारण. जाड लागतं ते जुनी दुहेरी दुमड न उसवता वरूनच टीप मारली तर. आधी उसवून, इस्त्री करून, पाऊण इंच माया दोन्हीकडे उघडून बसवली तर काही टोचत नाही. फक्त बगलेच्या गोलाईत मायेला बारीक काप द्यायचे, टिपेच्या एक सूत अलीकडे थांबायचं.

दुरुस्ती दुसरीकडे करून घेतली, 40 रुपयांत. दोन्ही बगलांत चौकोनी कळी, म्हणजे जादा कापडाचा जोड, टाकली. मागची शेपटी तशीही लांब होती, तिच्यातून 4 बाय 4 इंचाचे दोन तुकडे निघाले. अर्धा इंच माया चारी बाजूंनी जाऊन तयार कळी 3 बाय 3. ती बगलेत कोनावर बसवायची, एक टोक बाहीकडे, एक कुशीकडे. त्यामुळे ओढ उरेबात, म्हणजे कापडाच्या तिरक्या दिशेत, येते आणि कापड थोडं ताणलं जातं. दोरा पॉलिस्टरचा, सुती दोरा घामाने कुजतो. नोव्हेंबरपासून पुढच्या सगळ्या वेचण्या आणि तूर यात झाली, एक टाका हललेला नाही. उजवी बगल फाटली नव्हती तरी तिथेही टाकली, ते बरं झालं.

पाठीच्या टक्सबद्दल, म्हणजे कापड चिमटून मारलेल्या निमुळत्या टिपांबद्दल, मत बदलावं लागलं. जुलैत कुणी विचारलं असतं तर हीच सगळ्यांत चांगली गोष्ट म्हणून सांगितलं असतं. दोन टक्स, कंबरेत एक-एक इंचाचे, लांबी 13 इंच. वाकल्यावर शर्ट फुगत नव्हता, घेर ओल्या पिकात लोळत नव्हता. पण वेचणीत हात पुढे गेले की पाठीची रुंदी लागते आणि टक्सची वरची टोकं तीच खात होती. वरून 3 इंच उसवली, कंबरेतला भाग ठेवला. आता दोन्ही जमतं. छातीचे टक्स वावरातल्या शर्टाला लागतच नाहीत. साडीशिवाय घालायचा शर्ट असेल तर घ्या, टोक छातीच्या उंचीच्या एक इंच अलीकडे थांबवा, आणि दोन बटणांमधल्या फटीला आतून एक टिचबटण लावा.

बाही 2 इंच लांब होती. कफ उसवून, तेवढी कापून कफ पुन्हा जोडला. कफला आत सरकवून दुसरं बटण लावलं, मनगटाला घट्ट बसतो. बोंडाची टोकं आत शिरत नाहीत. वरचा खिसा काढला, त्यात पातीचा चुरा भरायचा. काज-बटणाची बाजू पुरुषीच राहिली, ती बदलायला पुढची पट्टीच नवी करावी लागते, तो खर्च फुकट आहे.

कॉलर मात्र अजून तशीच आहे. डोक्याचा दुपट्टा मानेशी गुंडाळला की तिचा गोळा होतो. कॉलरचं वरचं दुमडणारं पान काढून नुसता गळ्याचा पट्टा ठेवायचं काम पेरणीआधी करून घ्यायचं आहे, आणि या वेळी निघालेलं प्रत्येक कातरण टेलरकडून मागून घरी आणायचं आहे.