चुंबकीय कंबरपट्टा: सहा महिन्यांच्या वापरानंतर

कंबरदुखीसाठी घेतलेल्या पट्ट्याच्या तिसऱ्या कप्प्याची शिवण उसवली. आतली चुंबकाची चकती घसरून शेजारच्या चकतीवर आपटली आणि तिच्या कडेचा टवका उडाला. या चकत्या ज्या जोरदार चुंबकाच्या असतात ते निओडिमियम ठिसूळ असतं. वरचा निकेलचा मुलामा फुटला की घामाने गंज धरतो. टवका उडालेली चकती परत वापरू नका. सेवा केंद्राने उसवणं ‘नेहमीची झीज’ ठरवून हात झटकले, पण दोष सरळ सरळ शिलाईचा आहे. कापड ताणलं जातं, दोरा ताणला जात नाही, मग वाकलं की टाका तुटतो. घरी शिवताना नायलॉनच्या दोऱ्याने झिगझॅग टाका घाला. आधी सगळ्या चकत्या बाहेर काढा, नाहीतर सुई त्यांनाच चिकटते.

शिवायला घेतल्यावर कप्प्यातला फोम मोजला: 6 मिमी! म्हणजे चुंबक आणि त्वचा यांच्यात तेवढं अंतर कायमचं. खोक्यावर 12,000 गॉस (चुंबकीय जोर मोजायचं एकक) छापलंय, पण तो आकडा चुंबकाच्या धातूचा आहे, पृष्ठभागाचा नाही. 20 मिमी व्यासाच्या, 3 मिमी जाडीच्या चकतीच्या पृष्ठभागावर मध्यभागी हिशेबाने सुमारे 1,700 गॉस येतात. 6 मिमी फोमपलीकडे 900 उरतात, 1 सेंमीवर 500, 3 सेंमीवर 50 आणि 5 सेंमीवर जेमतेम 12. कमरेचे सांधे साधारण त्याच खोलीवर असतात, अंग भरलेलं असेल तर आणखी आत. रक्तातल्या लोहावर चुंबक काम करतं हा दावाही टिकत नाही. हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं ओढलं जात नाही.

पहिले दोन महिने आरामाचं श्रेय चुंबकालाच दिलं होतं. मत बदललं ते अदलाबदलीने, आणि ही चाचणी कोणालाही करता येते. घरातल्या दुसऱ्या माणसाने दोन आठवडे चुंबकं आणि दोन आठवडे त्याच मापाच्या साध्या स्टीलच्या चकत्या घालायच्या. आधी काय घातलंय ते सांगायचं नाही. पट्ट्याजवळ किल्ली, कात्री न्यायची नाही, लगेच कळतं. रोज एकाच वेळी वेदनेला 0 ते 10 गुण द्यायचे. इथे दोन्हींत अर्ध्या गुणाचाही फरक पडला नाही. 2000 साली कंबरदुखीवर झालेल्या एका छोट्या चाचणीतही खोट्या चुंबकापेक्षा जास्त फायदा दिसला नव्हता. 1997 च्या एका अभ्यासात पोलिओनंतरच्या दुखण्यात फरक दिसला होता, पण तेवढ्यावर कमरेसाठी विसंबता येत नाही.

मग आराम कशाने? पट्ट्याच्या निओप्रीनच्या, म्हणजे रबरी कापडाच्या उबेने आणि वाकताना मिळणाऱ्या आधाराने. त्यासाठी पट्टा अजूनही चांगलाच आहे, चकत्यांशिवाय. एका वेळी दोन तास पुरे. सोबत चालणं आणि कमरेचे व्यायाम चालूच ठेवा. पाय बधिर पडत असतील किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर पट्टा बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.

चकत्या वापरणारच असाल, तर पेसमेकर किंवा इन्सुलिन पंप असलेल्याने मुळीच नको, आणि घरातल्या अशा माणसापासून किमान 15 सेंमी लांब. एमआरआयच्या खोलीत पट्टा न्यायचा नाही. मुलाने दोन चकत्या गिळल्या तर त्या आतड्याच्या दोन घड्या एकमेकींना चिकटवून भोक पाडू शकतात. शिवण अशी कच्ची असताना पट्टा काढला की दरवेळी चकत्या मोजा. आठ भरल्या पाहिजेत.