हेडमध्ये तुटलेला स्टड: इझी-आउट की नट वेल्डिंग?

सायलेन्सरचा ८ मिमीचा स्टड (डोकं नसलेला, आट्यांचा बोल्ट) इंजिनच्या ॲल्युमिनियम हेडमध्ये तुटला, की आधी बघा तो का तुटला. नवा बोल्ट जास्त आवळून तुटला असेल, तर आत तो फारसा जाम नसतो. तिथे इझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट बाहेर काढायचं हत्यार, चालतो: बरोबर मध्यावर पंच, सरळ ड्रिल, मग उलट्या आट्यांचा इझी-आउट ठोकून डावीकडे फिरवायचा.

गंजून जाम झालेल्या स्टडला मात्र मी इझी-आउट लावू देणार नाही. इझी-आउट कडक पण ठिसूळ असतो, शिवाय ठोकताना पोकळ स्टड फुगून आट्यांवर आणखी घट्ट बसतो. इझी-आउटच आत तुटला, तर साधं ड्रिल त्याला कापत नाही. मग कार्बाइडचं ड्रिल किंवा स्पार्क इरोजन (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणं) यांचा खर्च.

अशा वेळी तुटक्या स्टडवर नट ठेवून तो वेल्ड करणं उत्तम. खरं काम करते ती उष्णता. गंजाची पकड तिनेच सुटते. वेल्डिंगचं लोखंड ॲल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे स्टड थोडा आत तुटला असला तरी जमतं. लाली गेली की पाना मागे-पुढे हलवत, तेल सोडत काढा. पहिला नट निखळला तर दुसरा लावा. आधी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा, हे टाळू नका. फार खोल तुटलेल्या स्टडला मात्र ड्रिलच.

आटे गेलेच, तर हेलिकॉइल. स्टेनलेस तारेचे ते आटे ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरतात.