कोशातले गाइड वर्ड: सहा महिन्यांच्या वापरानंतर

पुष्कळ छापील मराठी कोशांत पानाच्या माथ्यावर दोन शब्द असतात, तेच गाइड वर्ड. डावीकडे पानावरची पहिली नोंद, उजवीकडे शेवटची. काही कोशांत ते समोरासमोरच्या दोन पानांवर वाटून छापलेले असतात, हे आधी पाहून घ्या. रोजच्या वापरानंतरचं मत असं: सोय चोख आहे, पण वर्णक्रम पाठ नसेल तर हमखास चकवते.

माथ्यावर ‘पडदा – पत्ता’ आहे आणि हवाय ‘पत्र’. दोन्हीकडे ‘पत्’ दिसतं, म्हणून नजर लगेच खाली नोंदींत शिरते आणि वेळ जातो. ‘पत्ता’मध्ये त्‌नंतर त आहे, ‘पत्र’मध्ये र. र मागाहून येतो, म्हणजे पान उलटायचं. ‘पतंग’ मात्र याच पानावर सापडेल, कारण जोडाक्षरं त्या अक्षराची बाराखडी संपल्यावर लागतात. म्हणूनच ‘प्रकाश’ ‘पौष’च्याही पुढे असतो, तो ‘पर’च्या आसपास शोधणारे पुष्कळ.

रफाराचंही तसंच. ‘वर्ग’मध्ये तो ग च्या डोक्यावर दिसतो, पण क्रमात र् आधी. तेव्हा ‘वरात’ ओलांडून पुढे जायचं, ‘वग’पाशी घुटमळायचं नाही. ‘कीर्तन’ ऱ्हस्व समजून शोधलं तर मिळणारच नाही. ‘किल्ला’, ‘किळस’ सगळे संपल्यावर की सुरू होते.

पुढे चाळताना फक्त उजवा शब्द बघावा. तो आपल्या शब्दाच्या पुढे गेला की थांबायचं, मग नोंदी वाचायच्या. दोन्ही शब्द प्रत्येक पानावर वाचणं म्हणजे नुसती दमछाक.

अनुस्वार, ळ आणि क्ष यांच्या जागा कोशागणिक बदलतात. ‘पळ’ कुठे ‘पल्ला’ आणि ‘पवन’ यांच्या मध्ये, कुठे थेट ‘पहाट’नंतर. नवा कोश हाती आला की ‘अंक’, ‘पळ’, ‘क्षमा’ एकदा शोधून ठेवा, क्रम उलगडतो.

‘गेला’ किंवा ‘घोड्याला’ माथ्याशी ताडून उपयोग नाही. ‘जाणे’, ‘घोडा’ धरा. ‘डोळा लागणे’ बहुधा ‘डोळा’च्या पोटात असतं, तिथे गाइड वर्ड दारापर्यंतच नेतात.

खरी तक्रार माथ्यावर नुसतं ‘प’ छापणाऱ्या कोशांबद्दल. ‘प्र’ची पानंच्या पानं त्या एका अक्षराखाली चाळावी लागतात.